भगीरथच्या वाट्यातली एक ओळ

कॉम्प्युटरच्या खोक्यातला थर्माकोल अजून पडवीत इकडेतिकडे उडत होता, तोच त्या कॉम्प्युटरची वाटणी होऊन गेली.

वाटणीचा विषय खरं तर कोणाच्या डोक्यात नव्हता. शेणवे गावातल्या त्या घरात तीन भाऊ तीन चुलींवर जेवत होते आणि पडवी तेवढी सामाईक होती. थोरला भगीरथ शेती बघायचा, मधला चांगो शेती बघणाऱ्या भगीरथला बघायचा, आणि धाकटा अनंता रोज वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला जायचा. वारलेल्या बापाच्या, म्हणजे बुधूबाबांच्या जमिनीची रस्त्याकडेची पट्टी रुंदीकरणात गेली आणि मोबदल्याचा पहिला हप्ता आला. दुसरा यायचा होता. पैसा बापाच्या जमिनीचा, तेव्हा त्यातून येणारी वस्तू तिघांची, हे न बोलता ठरलेलं होतं. अनंताने भीत भीत सुचवलं की आपली दिपिका शहापूरच्या क्लासात जावा या कॉम्प्युटरच्या भाषेचा डिप्लोमा करतेय, तर कॉम्प्युटर घेऊ या. चांगो म्हणाला, त्यापेक्षा भात झोडायचं मशीन घेऊ. चांगो जे म्हणेल त्याच्या उलट मत द्यायची भगीरथची जुनी सवय होती. त्यामुळे दोन हजार एक सालच्या दिवाळीआधी घरात कॉम्प्युटर आला.

तो बसवायला शहापूरहून नरेंद्र आला. नरेंद्र कॉम्प्युटर विकायचा, बिघडले की दुरुस्त करायचा, आणि दोन्ही वेळा सारखाच उत्साही असायचा. वायरी जोडून, सीपीयूला मीनाने, म्हणजे अनंताच्या बायकोने, दिपिकाच्या आईने, कुंकू लावून झाल्यावर तो सहज बोलून गेला, "हार्डडिस्कचे तीन भाग करून दिलेत. सी, डी आणि ई."

भगीरथ तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला.

"कोणाला इचारून केलेस?"

"काय?"

"तीन भाग."

"सगळ्यांनाच करून देतो, काका. एक भाग बिघडला तर बाकीचे शाबूत राहतात."

"आईक," भगीरथ चांगोला म्हणाला. "बाहेरच्या पोराला पण कळतंय."

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. सी थोरल्याचा, डी मधल्याचा, ई धाकट्याचा. नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे हातात असतानाच चांगोला शंका आली.

"सीच्या आधी ए आणि बी येतात ना गो, दिपिका? ते कोणी उचलले?"

"ए म्हणजे ही फ्लॉपीची फट," नरेंद्र म्हणाला. "बी पूर्वी दुसऱ्या फ्लॉपीसाठी असायचा. आता नसतो."

"नसतो म्हंजे? ए हाय, सी हाय, मधला एक नंबर गायब कसा होईल?"

"अक्षर राखून ठेवलेलं असतं. वापरात नसतं."

"गुरचरण," चांगोने समजूत करून घेतली. भगीरथची मात्र समजूत पटली नाही. दुकानदाराने बी आपल्याकडेच ठेवून घेतला, असं तो पुढे बरेच दिवस भेटेल त्याला सांगत होता.

भाग बघायचा कसा हे दिपिकाने काकांना दाखवलं. एक गोल यायचा. त्यातलं निळं म्हणजे भरलेलं, गुलाबी म्हणजे मोकळं. चांगोचा गोल सगळा गुलाबी होता, अनंताचाही तसाच. भगीरथच्या गोलात मात्र निळी फोड कापून ठेवलेली होती.

"माझ्या जागेत कोण बसलाय?" भगीरथने विचारलं.

"विंडोज आहे ती, मोठेकाका. सगळ्यांच्याच मशीनवर सीमध्ये असते."

"काय देते?"

"काय नाय देत."

"कवा उठणार?"

"उठत नाय. ती कायमचीच असते."

भगीरथचा चेहरा पडला. त्याचं कारण शेणव्यात सगळ्यांना ठाऊक होतं. या घराची जमीन मुळात यांची नव्हती. बुधूबाबा एका सावकाराच्या जमिनीत कूळ म्हणून शिरले, निमूटपणे वर्षानुवर्षं भात लावत राहिले, आणि कायदा आला तेव्हा मालक होऊन बाहेर पडले. त्या सावकाराला भगीरथने लहानपणी बांधावर उभा राहून आपल्याच जमिनीकडे बघताना पाहिलं होतं. बिनबोभाट आत येऊन बसणाऱ्याचं पुढे काय होतं, हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी गोल उघडून निळी फोड वाढली नाही ना, ते बघायला लागला. ती थोडी थोडी वाढत होती.

इकडे दिपिकाने क्लासातून आणलेली सीडी घालून जावा बसवली. शहाण्या मुलीसारखी तिने ती आपल्या बापाच्या वाट्यात, ईमध्ये बसवली. मग काळी खिडकी उघडून सरांनी शिकवलं होतं तसं टाइप केलं. मशीनने उत्तर दिलं की असं काही आपल्याला ठाऊक नाही. तिने परत टाइप केलं. मशीनला परत ठाऊक नव्हतं.

"जावा हाय ना आत?" अनंताने विचारलं.

"हाय, बाबा. पण मशीन सुरू झालं की ते सीमध्ये उभं असतं. तिथून जावा कुठं हाय ते त्याला दिसत नाय. सीमध्ये एक फाइल असते, त्यात एक ओळ लिहायला लागते. जावाची वाट दाखवणारी."

एरवी दिपिका हुशार होती. पण तीन शेतकऱ्यांच्या पडवीत, थोरला शेतकरी दाराशी बसलेला असताना, ती वाट म्हणाली, आणि तिथे तिचं चुकलं. 'पाथ' म्हणाली असती तर कोणी ढुंकून बघितलं नसतं.

"कोणाच्या जागेतून वाट?" दारातून आवाज आला.

"तुमच्या सीमधून, मोठेकाका. एकच ओळ."

"कायमची?"

"हो. एकदा लिहिली की राहते."

"मंग नाय."

"काका, एवढीशी ओळ आहे. गोलात दिसणार पण नाय."

"कूळ पण आधी दिसत नाय," भगीरथ म्हणाला. "आज एक ओळ, उद्या कूळ."

तेवढ्यात चांगोही आला. सीमधून ईला जायचं म्हणजे मधे आपला डी लागणारच, तेव्हा आपल्यालाही विचारलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं पडलं. डीला अजिबात धक्का लागत नाही, असं दिपिकाने सांगितल्यावर तो जास्तच दुखावला. आपल्या वाट्याला वळसा घालून लोक जातात याचा अर्थ आपला वाटा फडतूस आहे, असा त्याने काढला. वास्तविक चांगोचा डी अजून रिकामाच होता. तो सगळा वेळ भगीरथच्या वाट्यात बसून पत्ते खेळायचा, कारण पत्ते विंडोजबरोबर आले होते. मात्र ही गोष्ट भगीरथला कोणी सांगितली नव्हती.

शेवटी रीतीनेच मार्ग काढला. भात कापून झालं की कोणाच्याही शेतातून कोणीही जातं, त्याला कोणी अडवत नाही. पावसाळा आला की वाट बुजते. तशी तात्पुरती वाट चालेल, असं भगीरथ म्हणाला. मशीनलाही ते मान्य होतं. काळ्या खिडकीत ती ओळ टाइप केली की तेवढ्यापुरती जावा सापडायची, खिडकी बंद केली की विसरली जायची. शेणव्यात लाइट दिवसातून इतक्या वेळा जायची की दिपिकाला ती ओळ झोपेतही म्हणता येऊ लागली. लाइट गेली की भगीरथ पडवीतून समाधानाने म्हणायचा, "बुजली वाट."

अशा रीतीने तिचा प्रोग्रॅम पुरा होत आला. जमिनीच्या मालकाच्या पाठीमागे वारसांचे हिस्से किती पडतात, ते काढून देणारा तो प्रोग्रॅम होता. हा विषय घरात लहानपणापासून कानावर पडल्यामुळे तिला वेगळा अभ्यास करावा लागला नाही. कायद्यात काय म्हटलंय तेवढं तिने शहापूरच्या वाचनालयात बसून उतरवून आणलं. भगीरथला या प्रोग्रॅमचं फार कौतुक होतं. आपल्या पुतणीने वाटणीचं यंत्र केलंय, हे तो बाजारात सांगायचा. त्या यंत्रात कुठला नियम घातलाय, ते मात्र त्याने विचारलं नव्हतं.

मग परीक्षा जाहीर झाली आणि सगळं अडलं.

क्लासात मुलं फार आणि मशीनं थोडी, म्हणून ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांची परीक्षा घरी जाऊन घ्यायची ठरली. कल्याणहून बाहेरचे सर येणार होते. ते स्वतः मशीन सुरू करणार, स्वतः कीबोर्डवर बसणार, आणि जावा चालते का बघणार. तोवर विद्यार्थ्याने हात लावायचा नाही. चालली तर पुढचा प्रोग्रॅम बघायचा. नाही चालली तर जावा नीट बसवता आली नाही म्हणून तिथेच नापास. आणि दिपिकाला नापास होऊन चालणार नव्हतं. अनंता ज्या कारखान्यात पॅकिंगला होता तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवा होता, आणि साहेब म्हणाले होते की मुलीला डिप्लोमा घेऊन पाठव. त्या ऑफिसाला काच होती. पॅकिंगला जाताना अनंता हल्ली त्या काचेतून आतली रिकामी खुर्ची बघून पुढे जायचा. आपण काचेच्या बाहेर आणि पोरगी आत, हे चित्र त्याला इतकं आवडलं होतं की त्याने ते मीनालाही सांगितलं नव्हतं.

"गुपचूप लिहून टाक गो ती ओळ," मीना म्हणाली. "कोणाला कळतंय?"

"नको," अनंता म्हणाला. "सर बसलेले असताना दादा इचारील, हे कुठल्या वाटेनं आलं म्हणून. तो गप बसेल असं तुला वाटतंय?"

मीनाला तसं वाटत नव्हतं.

तीन दिवस तिन्ही चुलींवर एकच विषय शिजला. अनंता जन्मात पहिल्यांदा भगीरथपुढे आवाज चढवून बोलला. भगीरथ म्हणाला, पोरीच्या शिक्षणाच्या आड मी नाय, माझ्या जागेच्या आड येऊ नका. चांगो दोन्हीकडे जाऊन दोघांचंही बरोबर आहे असं सांगून आला. शेवटी एका नावावर तिघांचं एकमत झालं. मुरबाडला दिलेली थोरली बहीण सुंदरा. तिला तिघेही बाय म्हणत आणि तिघेही भीत.

"बाय सांगेल ते खरं," भगीरथ म्हणाला. "तिचा यात वाटा नाय. ती कोणाचीच बाजू घ्यायची नाय."

बहिणीने माहेरी वाटा मागायचा नसतो, हीसुद्धा एक रीतच होती. बायनेही तो कधी मागितला नव्हता. दिवाळीला लुगडं घेऊन ती परत जायची. रविवारी परीक्षा होती, म्हणून बायने शनिवारी यायचं ठरलं.

शुक्रवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. जागेच्या पाहणीला माणूस यायचा असला की जागा साफ करून ठेवायची, बांधावरचं रान काढायचं, दुसऱ्याचं काही पडलं असेल तर उचलायचं, हे भगीरथला बापाने शिकवलं होतं. तो कॉम्प्युटरसमोर बसला. चांगो नको असलेली वस्तू कशी काढून टाकतो ते त्याने मागे उभं राहून पाहिलं होतं. त्याने आपला वाटा उघडला आणि साफसफाई सुरू केली.

मशीनने त्याला काहीतरी विचारलं. ते इंग्रजीत असल्यामुळे भगीरथला कळलं नाही. पण विचारतंय म्हणजे अडवतंय, एवढं त्याला सरकारी कचेऱ्यांच्या अनुभवावरून कळलं. अशा वेळी चांगो डावीकडचं बटण दाबायचा. भगीरथनेही दाबलं. मशीनने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा दाबलं. विंडोजचं अख्खं घर एकदम उचलू म्हटलं तर मशीनने साफ नकार दिला, म्हणून तो दार उघडून आत शिरला आणि एकेक सामान बाहेर काढायला लागला. सगळं कचऱ्याच्या डब्यात गेलं. मग त्याच्या ध्यानात आलं की तो डबाही आपल्याच जागेत ठेवलाय. त्याने डबा रिकामा केला. काही वस्तू जागच्या हलेनात, त्या त्याने मोठ्या मनाने राहू दिल्या. गोल उघडून बघितला तर निळी फोड सुपारीएवढी उरली होती. भगीरथने समाधानाने बटण बंद केलं.

संध्याकाळी चांगो पत्ते खेळायला बसला आणि मशीनच सुरू होईना. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या आणि तिथेच थांबल्या.

"दिपिका," चांगो हाका मारायला लागला. "गो दिपिका, पत्ते गेले."

दिपिका धावत आली. तिने बंद करून चालू केलं, परत बंद केलं. मग ती खुर्चीत बसूनच राहिली. अनंता कामावरून आला तेव्हा पडवीत भगीरथ तेवढा खुशीत होता.

"मोठेकाका," दिपिकाने विचारलं, "तुमी काय केलंत?"

"माझी जागा झाडली."

"विंडोज काढलीत?"

"मी कोणाला हात लावला नाय. सामान बाहेर ठेवलं."

दिपिका रडली नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून भगीरथलाही बरं वाटलं नाही. आपण कायद्याने वागलो तरी कुठेतरी गडबड झाली, एवढं त्याच्या लक्षात आलं. त्याने स्वतःच बूथवर जाऊन नरेंद्रला फोन लावला आणि अर्जंट यायला सांगितलं. कारण विचारल्यावर मात्र, पोरांनी काहीतरी दाबलंय, असं तो म्हणाला.

शनिवारी सकाळच्या एसटीने बाय आली आणि पाठोपाठ मोटरसायकलवर नरेंद्र आला. बायने पिशवीतल्या काकड्या मीनाच्या हवाली केल्या, पाय धुतले, आणि ती सरळ कॉम्प्युटरसमोर पाट टाकून बसली. नरेंद्रने सीपीयू उघडला, फ्लॉपी घातली, आत डोकावून पाहिलं.

"ई आणि डी ठीक आहेत," तो म्हणाला. "जावा आहे, प्रोग्रॅम आहे. सी तेवढा साफ झालाय. विंडोज परत बसवतो."

"परत तिलाच?" भगीरथने विचारलं. "एवढी उठवली, आता परत कशाला? बसवायची तर चांगोच्या वाट्यात बसव, तो रिकामा पडलाय."

"माझ्यात का?" चांगो म्हणाला.

"पत्ते तूच खेळतोस ना तिच्याकडं?"

ही बातमी भगीरथला कधी लागली होती ते चांगोला कळलं नाही. बायने हात वर केला, तसे सगळेच गप्प झाले.

"पोरा," तिने नरेंद्रला विचारलं, "ही विंडोज नसली तर चांगोचा भाग उघडतोय?"

"नाही."

"अनंताचा?"

"कोणाचाच नाही. मशीनच सुरू होत नाही."

"मंग भगीरथ, कूळ कसली रे ती? ती इहीर हाय. आपली खालच्या शेतातली इहीर कोणाच्या वाट्यात आली?"

"चांगोच्या."

"पाणी कोण नेतो?"

"सगळेच नेतात."

"तू कुठनं नेतोस?"

"चांगोच्या बांधावरनं," भगीरथ हळू आवाजात म्हणाला.

"इहीर कोणाच्या पण वाट्यात येऊ दे, पाणी सगळ्यांचं. आणि पाण्याची वाट अडवता येत नाय. बाबा सांगून गेलेत ते मी सांगतेय." बाय दिपिकाकडे वळली. "लिही गो तुझी ओळ."

"फक्त जाण्यायेण्यापुरती," भगीरथने शेवटचं बजावलं. "तिथं कोणी थांबायचं नाय."

विंडोज परत बसायला बराच वेळ लागला. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. बाकीचे कंटाळून उठले, बाय मात्र जागची हलली नाही. नरेंद्रला काकडी सोलून देता देता तिने त्याला बरंच काही विचारून घेतलं. कुठला भाग केवढा, कशात काय, रिकामा कुठला. नरेंद्रला गिऱ्हाइकाने इतक्या आस्थेने काही विचारायची सवय नव्हती. त्याने सगळं सांगितलं. दुपारी दिपिकाने भगीरथच्या वाट्यात ती ओळ लिहिली. भगीरथ मागे उभा राहून ती शेवटपर्यंत बघत होता. ओळ खरोखरच एवढीशी होती.

रविवारी कल्याणचे सर आले. घामाघूम झालेले, गंभीर, हातात रुमाल. पडवीत सगळं घर जमलं होतं. सरांनी बटण दाबलं. मशीन सुरू झालं. त्यांनी काळी खिडकी उघडली, एक छोटी फाइल जावाला तपासायला दिली आणि एंटर दाबलं. पडद्यावर काहीच आलं नाही. नुसता दांडा लुकलुकत राहिला.

"काय आलं नाय," अनंता पुटपुटला. भगीरथ एकदम पुढे झाला आणि म्हणाला, "सर, आमच्याकडनं वाट दिलेली हाय. अडवलेली नाय."

"काही न येणं म्हणजेच बरोबर," सर म्हणाले. "चूक असती तर बोललं असतं. हं, आता तुमचा प्रोग्रॅम दाखवा."

अनंता भिंतीला टेकून बसला. दिपिका खुर्चीत बसली. सरांना चहा आला. प्रोग्रॅम सुरू झाला, मयताचं नाव विचारू लागला.

"बनावट नावं नकोत," सर म्हणाले. "खरं उदाहरण घ्या. घरातलंच घ्या ना."

"घे, घे, बाबांचं नाव घे," भगीरथने उत्साहाने सांगितलं.

तिने बुधूबाबांचं नाव घातलं. मिळकत विचारल्यावर काय घालावं सुचेना, म्हणून समोर दिसला तो कॉम्प्युटर घातला. मुलगे तीन. त्यांची नावं टाइप होताना तिघेही भाऊ मान पुढे काढून बघत होते. नंतर प्रोग्रॅमने पुढचा प्रश्न विचारला आणि दिपिकाची बोटं थांबली.

"मयताच्या मुली किती?" सरांनी पडद्यावरचं वाचलं. "अहो, भरा ना."

भगीरथ आढ्याकडे बघायला लागला, चांगो भगीरथकडे. बाय बशीत चहा ओतत होती.

"एक," ती म्हणाली. "घाल गो. सुंदरा."

दिपिकाने घातलं. प्रोग्रॅमने क्षणभर विचार केला आणि चार सारखे हिस्से काढून दिले.

"चार कसे?" चांगोने विचारलं.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "मुलगा काय, मुलगी काय, हिस्सा सारखाच. छान केलाय प्रोग्रॅम. पास आहात तुम्ही. डिप्लोमा क्लासातून घ्या."

मीनाने डोळ्यांना पदर लावला. अनंताला काचेमागची खुर्ची दिसली आणि त्यात बसलेलं माणूसही दिसलं. भगीरथला मात्र आनंद करावा की काळजी करावी ते ठरवता येईना. तेवढ्यात बायने बशी खाली ठेवली.

"यंत्र म्हणतंय तर खरंच असेल," ती म्हणाली. "मंग माझा वाटा कुठला रे, भगीरथ? सी तुझा, डी चांगोचा, ई अनंताचा."

"बाय, आता तीनच पाडलेत त्यानं."

"तो बी कुठं गेला म्हणून तुमीच इचारत होतात ना? तो माझा."

भगीरथने चांगोकडे पाहिलं, चांगोने अनंताकडे. तिघांच्याही छातीवरचं ओझं एकदम उतरलं. एकालाही आपल्यातलं तसूभर सोडावं लागत नव्हतं.

"दिला," भगीरथ घाईने म्हणाला. "बी तुझा. चांगो, काय?"

"दिला की," चांगो म्हणाला. अनंतानेही मान डोलावली.

"म्हंजे बाबांच्या मिळकतीत आपण चौघं वाटेकरी."

"चौघं," तिघेही म्हणाले.

"सर, तुमी ऐकलं ना?" बायने विचारलं. सरांच्या तोंडात बिस्किट होतं. कशाबद्दल ते न कळताही त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी दिपिका आत्याला एसटीच्या थांब्यावर सोडायला गेली. तिला सारखं टोचत होतं. शेवटी तिने बोलून टाकलं.

"आत्या, एक सांगू? त्या बीमध्ये काय नाय गो. तो नुसता नावाला हाय. त्यात एक अक्षर पण मावत नाय."

"ठाऊक हाय. नरेंद्रनं काल सांगितलं."

"मंग तू घेतलास कशाला?"

"काहीतरी असतं तर दिला असता काय त्यांनी?" बाय रस्त्याकडे बघत म्हणाली. रुंदीकरणात गेलेली बापाची पट्टी इथेच होती, तिच्यावर आता खडी पडली होती. "रस्त्याचे दुसरे पैसे यायचेत. तिघांनी आपल्या तोंडानं कबूल केलंय, चार वाटेकरी. बाहेरचा माणूस साक्षीला हाय. तुझा मोठाकाका काय खोटं नाय बोलत, दिपिका. आज एक ओळ, उद्या कूळ. मी पण त्याच बापाची लेक."

एसटी आली. बाय चढली, खिडकीशी बसली, आणि नोकरी लागली की पहिला पगार बापाच्या हातात देऊ नको, आईच्या दे, एवढं सांगून मुरबाडला गेली.

दिपिका घरी आली तेव्हा भगीरथ पडवीत तंबाखू मळत बसला होता. चांगो आत पत्ते खेळत होता आणि आज त्याला कोणी काही बोलत नव्हतं.

"बाय खूश गेली ना?" भगीरथने विचारलं.

"खूप खूश गेली, मोठेकाका."

"बघ," भगीरथ तृप्त होऊन म्हणाला. "मन मोठं ठेवायला काय जागा लागत नाय."